मुलीसाठी गेलिक नाव निवडताना

गेलिक नावांच्या याद्या चाळायला बसले की अर्ध्या तासात दोन गोष्टी होतात: चार-पाच नावे मनात भरतात आणि त्यांतले एकही मोठ्याने म्हणण्याचा धीर होत नाही. यादीत नाव असते, त्यापुढे 'तेजस्विनी', 'राजकन्या' असा एखादा गोड अर्थ असतो आणि तेवढ्यावर निवड करावी अशी अपेक्षा असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गेलिक नाव हे आधी एक ध्वनी असते, तो ध्वनी एका विशिष्ट भाषेच्या व्याकरणात बसलेला असतो आणि त्याचा अर्थ कित्येकदा विद्वानांनाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आधी भाषा ठरवावी, मग उच्चार पक्का करावा, त्यानंतर हाक मारून पाहावी आणि अर्थाकडे सर्वांत शेवटी वळावे.

'गेलिक' या एका शब्दाखाली तीन भाषा येतात: आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि आइल ऑफ मॅन या बेटावरची मँक्स. आयर्लंडमध्ये इंग्रजीत बोलताना लोक आपल्या भाषेला 'आयरिश' म्हणतात, तर स्कॉटलंडमध्ये 'गॅलिक' असा उच्चार करतात. तेव्हा कोणी नुसते 'गेलिक नाव' म्हटले, तर ते कुठले, हे आधी विचारून घ्यावे. वेल्श ही भाषा केल्टिक कुळातली असली तरी गेलिक नाही. ब्रॉनवेन, रिआनन, केरिस ही सुरेख नावे वेल्श आहेत, तरीही ती गेलिक नावांच्या यादीत सर्रास सापडतात. ज्या यादीत ती दिसतील, त्या यादीतल्या बाकीच्या माहितीवरही फारसा भरवसा ठेवू नये.

भाषा ठरवणे महत्त्वाचे अशासाठी, की एकच मूळ नाव या भाषांत वेगवेगळी रूपे घेते. मेरीचे आयरिश रूप मॉर्या, स्कॉटिश रूप मारी आणि मँक्स रूप वॉरी. आयरिश शिनेड स्कॉटलंडमध्ये शॉनाच होते आणि त्यावरून इंग्रजी वळणाचे शोना तयार होते. आईची आजी स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरची असेल आणि तिच्या आठवणीसाठी नाव ठेवायचे असेल, तर शिनेड हे नाव कितीही आवडले तरी ते तिच्या बोलीतले नाही, एवढे तरी ठाऊक असावे. ज्यांचा या देशांशी नात्याचा संबंध नाही, त्यांना अर्थातच कोणतीही भाषा निवडता येते. पण एक निवडून तिच्यातच राहावे, म्हणजे नाव, त्याचे लेखन आणि उच्चार एकमेकांशी जुळतात.

आता उच्चार. 'ही भाषा लिहिते एक आणि वाचते भलतेच' अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती खरी नाही. आयरिश लेखन नियमबद्ध आहे. फक्त ते नियम इंग्रजीचे नाहीत. आयरिश लेखनात परंपरेने अठराच रोमन अक्षरे वापरली जातात. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे त्यांत नाहीत. 'व्ही' हे अक्षरच नसताना 'व' हा ध्वनी लिहायचा कसा? त्यासाठी 'बी' किंवा 'एम' या अक्षरापुढे 'एच' लिहितात. एवढा एक नियम समजला की निम्मी कोडी सुटतात. एन-आय-ए-एम-एच अशी अक्षरे असलेले नाव 'नीव' असे वाचायचे, कारण शेवटचे 'एम-एच' म्हणजे व. एस-ए-डी-एच-बी-एच हे भयंकर दिसणारे नाव प्रत्यक्षात फक्त 'साइव' आहे. शिवॉनच्या मधोमध 'बी-एच' असते. ते पाहून 'सिओभान' असे वाचणारा मनुष्य अक्षरे बरोबर वाचत असतो, पण चुकीच्या भाषेत.

दुसरा नियम मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर पटावा. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची दोन रूपे असतात, एक जाड आणि एक बारीक. शेजारी ए, ओ किंवा यू हे स्वर असले तर व्यंजन जाड, आय किंवा ई असले तर बारीक. 'एस' जाड असेल तर स, बारीक असेल तर श. आपणही 'पैसा' म्हणतो आणि 'पैशाला' म्हणतो, 'घसा' म्हणतो आणि 'घशात' म्हणतो. कारण वेगळे असले तरी स आणि श यांची अदलाबदल आपल्या कानाला परकी नाही. 'स्वातंत्र्य' या अर्थाच्या सीर्शा या नावात हे दोन्ही ध्वनी एकदमच भेटतात: पहिल्या 'एस'पुढे ए आहे म्हणून स, दुसऱ्यापुढे ई आहे म्हणून श. शिनेडमध्ये 'एस'पुढे आय आहे म्हणून श. सोरखामध्ये ओ आहे म्हणून स. रोशीन या नावात 'एस'च्या आधी येणारा आय स्वतः ऐकू येत नाही, तो केवळ पुढचे व्यंजन बारीक आहे हे सांगायला उभा असतो. आयरिश नावांत स्वरांची जी गर्दी दिसते, त्यातले बरेचसे स्वर असे राखणदार असतात.

तिसरी बाब स्वरावरच्या तिरप्या रेघेची. तिला आयरिशमध्ये 'फादा' म्हणतात. फादा म्हणजे लांब. ती स्वर दीर्घ करते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. ही रेघ गाळली तर शब्द बदलू शकतो: रेघेसह 'एरा' म्हणजे आयर्लंड देश, रेघेवाचून तीच अक्षरे म्हणजे ओझे. स्कॉटिश गेलिकमध्येही रेघ असते, पण ती उलट्या दिशेला झुकलेली असते. शॉनाच काय किंवा मारी काय, स्कॉटिश नाव आयरिश दिशेच्या रेघेने लिहिले की जाणत्याला लगेच खटकते. नाव एका भाषेत ठेवावे असे वर म्हटले, त्याचे हेही एक कारण आहे.

नियम कळले तरी उच्चार एकच असेल असे मात्र समजू नये. आयरिशच्या मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर अशा तीन मोठ्या बोली आहेत. सी-ए-ओ-आय-एम-एच-ई हे नाव उत्तरेत 'कीवा' आणि दक्षिणेत 'क्वीवा' असे ऐकू येते. दोन्ही बरोबर आहेत. सीर्शाचे 'सेर्शा' किंवा 'सर्शा'ही होते, आणि अभिनेत्री सर्शा रोनन यांना आपल्या नावाचा उच्चार मुलाखतींमधून कितीदा तरी समजावून सांगावा लागला आहे. आपण कोणता उच्चार घेणार हे घरात एकदा ठरवावे आणि तो शक्यतो ती भाषा बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या 'असे म्हणा' छापाच्या सूचनांपेक्षा देवनागरीत लिहून ठेवलेले नाव या भाषांच्या पुष्कळ जवळ जाते. आयरिशमधला 'एम-एच' कुठे इंग्रजी 'व्ही'सारखा, तर कुठे 'डब्ल्यू'सारखा उच्चारला जातो. आपला व या दोन्हींच्या मधोमध असल्याने तिथे आपली विशेष अडचण होत नाही.

लेखनाबाबत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. विसाव्या शतकात आयरिश लेखन सुधारून सोपे करण्यात आले आणि १९५८ मध्ये प्रमाण नियम प्रसिद्ध झाले. त्यामुळे मेव या नावाची जुनी, मधली आणि नवी अशी अनेक लेखने आजही चालतात, शिवाय रूढ झालेले इंग्रजी लेखन वेगळेच. पूर्ण आयरिश लेखन घ्यावे किंवा रूढ इंग्रजी लेखन घ्यावे. दोन्हींत काही कमीपणा नाही. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे असे घरगुती लेखन मात्र करू नये. त्याने आयरिश वाचणाराही अडखळतो आणि इंग्रजी वाचणाराही.

इथवर आलेली नावे आता हाक मारून पाहायची आहेत, आणि ही पायरी बहुतेक लोक विसरतात. मराठीत 'मुले' असतात, पण हाक मारताना ती 'मुलांनो' होतात. गेलिक भाषांत संबोधनाचा हा बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो, आणि तो विशेषनामांनाही लागतो. मॉर्याला हाक मारताना 'अ वॉर्या' म्हणतात, शिनेडला 'अ हिनेड'. मुलगी आयरिश किंवा गेलिक माध्यमाच्या शाळेत जाणार असेल, तर तिथे तिला याच रूपात हाक ऐकू येईल. तेव्हा ते रूपही आवडते का, हे पाहावे. स्वराने सुरू होणारी ईफा किंवा एली आणि न, र, ल यांनी सुरू होणारी नीव किंवा रोशीन ही नावे हाकेत जशीच्या तशी राहतात. ज्यांना हा बदल नकोसा वाटतो, त्यांनी त्यांतूनच निवड करावी.

कधी कधी हाकेचे रूपच स्वतंत्र नाव बनते. स्कॉटिश मारीचे संबोधन 'अ वारी'. त्यातले वारी हे स्कॉटलंडमध्ये मुलींचे रीतसर नाव आहे. मराठी कानाला ते ऐकून भलतेच काही आठवेल, तो भाग निराळा. मुलांच्या नावांतला हेमिश हाही शेमसच्या हाकेतूनच जन्मला. मराठी कानाला असेच वेगळे वाटेल असे एक जुने नाव मोर. त्याचा अर्थ 'थोर' आणि ते मध्ययुगीन आयर्लंडमध्ये अतिशय प्रचलित होते. त्याचेच स्कॉटिश लाडके रूप मोराग. घरात मराठी बोलली जात असेल तर यांपैकी कोणते नाव पेलवेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आडनावाशी मेळ हाही हाकेचाच पुढचा भाग आहे. आडनाव इंग्रजी रूपात असेल तर फक्त लय पाहायची. पण आयरिश रूप वापरायचे असेल, तर मुलाचे आणि मुलीचे आडनाव सारखे नसते. 'ओ' म्हणजे वंशज आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. मुलीसाठी त्यांच्या जागी 'नी' आणि 'निक' येतात आणि पुढचा शब्द बहुधा मऊ होतो. ओ मुरखू कुटुंबातली मुलगी नी वुरखू होते. सोळाव्या शतकातली प्रसिद्ध समुद्री सरदारीण ग्रॉन्या ही ओ मॉल्या घराण्यातली, म्हणून ती ग्रॉन्या नी वॉल्या. १५९३ मध्ये ती इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला प्रत्यक्ष जाऊन भेटली होती. स्कॉटलंडमध्येही गेलिक लेखनात मुलीला 'निक' लागते. नाव निवडताना ते या पूर्ण जोडीसह दहा-बारा वेळा म्हणून पाहावे.

आणि आता अर्थ. इथे नावांचे थर ओळखता आले की फसगत टळते. पहिला थर अगदी जुन्या, अस्सल गेलिक नावांचा. त्यातल्या काहींचे मूळ तर आपल्या ओळखीचे निघते: मेव या नावाच्या मुळाशी मधापासून केलेल्या मद्याचा शब्द आहे, तोच आपला 'मधु', अर्थ साधारण 'धुंद करणारी'. ब्रीड किंवा ब्रिजिड हे नाव 'उच्च, थोर' या अर्थाचे असून ते संस्कृत 'बृहती'चे भावंड आहे. कीवा म्हणजे कोमल आणि प्रिय, नीव म्हणजे तेज, कीरा म्हणजे सावळी किंवा काळ्या केसांची, सोरखा म्हणजे उजळ, ओर्ला म्हणजे सोनेरी राजकन्या, आणि फिनूला म्हणजे शुभ्र खांद्यांची.

दुसरा थर बाहेरून आलेल्या नावांचा. नॉर्मन लोक ११६९ मध्ये आयर्लंडमध्ये उतरले आणि त्यांच्या फ्रेंच नावांना आयरिश जिभेने आपलेसे केले. शिवॉन आणि शिनेड ही जोनच्या फ्रेंच रूपांची, कॅथलीन ही कॅथरिनच्या, तर शीला ही सेसिलियाच्या नावाची आयरिश रूपे. यांचा आयरिशमध्ये वेगळा अर्थ शोधू नये. शिवॉनचा अर्थ जॉन या हिब्रू नावातून येतो, आयरिशमधून नाही. म्हणून ती कमी आयरिश ठरत नाहीत. आठशे वर्षे एखाद्या भाषेत राहिलेल्या नावाला पाहुणे म्हणणे जरा अतीच होईल.

तिसरा थर अर्वाचीन. सीर्शा हे नाव म्हणून विसाव्या शतकात, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळापासून रुजले. ॲशलिंग म्हणजे स्वप्न किंवा दर्शन. अठराव्या शतकात आयर्लंड देश स्त्रीरूपात स्वप्नात येतो अशा कवितांचा एक प्रकारच त्या नावाने ओळखला जात होता. 'रानटी' आणि 'हरीण' या दोन्ही अर्थांशी नाते सांगणारे फीआ हे नाव तर इतके उचलले गेले, की २०२१ मध्ये ते आयर्लंडमध्ये मुलींचे सर्वाधिक ठेवलेले नाव ठरले. याच्या जवळ एक चौथा गटही आहे, जो गेलिक शब्दांपासून पण बहुतांशी परदेशात घडला. कॉलीन हा मुळात 'मुलगी' या अर्थाचा साधा शब्द. अमेरिकेत ते नाव झाले. शॅनन ही नदी आहे. अशी नावे ठेवू नयेत असे नाही, पण आयर्लंडमधल्या माणसाला 'मुलगी' नावाची मुलगी ऐकून गंमत वाटते, हे ठाऊक असलेले बरे.

अर्थाइतकीच, किंबहुना जास्तच, नावामागची कथा पाहावी, कारण ती कथा त्या देशांत शाळकरी मुलांनाही माहीत असते. ईफा हे नाव कानाला अप्रतिम आहे. पण लिरच्या मुलांच्या प्रसिद्ध कथेत सावत्र मुलांना हंस करून नऊशे वर्षे थंड पाण्यावर भटकायला लावणारी सावत्र आई ईफाच. त्याच कथेत भावांना पंखांखाली घेणारी बहीण फिनूला. शूर योद्धा असलेली आणखी एक ईफाही जुन्या कथांत आहे, त्यामुळे हे नाव अशुभ मानले जात नाही आणि ते भरपूर ठेवले जाते. डीर्द्रा मात्र शोकांतिकेची नायिका म्हणूनच ओळखली जाते. नीव ही सोनेरी केसांची राजकन्या उशीन या वीराला चिरतारुण्याच्या देशात घेऊन गेली. तो तिथे काही काळ राहून परतला, तर इकडे तीनशे वर्षे उलटली होती. ब्रिजिड हे किल्डेरच्या संत स्त्रीचे नाव. तिचा दिवस १ फेब्रुवारी, आणि २०२३ पासून तिच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी दिली जाते.

घराण्यात आयरिश किंवा स्कॉटिश आजी-पणजी असतील, तर याद्यांपेक्षा जुन्या नोंदी अधिक काही देतात. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनांचे मूळ कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. तिथे पणजीचे नाव बहुधा इंग्रजी वेषात भेटेल, आणि तो वेष उतरवण्याचे कसब शिकावे लागते. कागदावर ग्रेस असेल तर घरात ती ग्रॉन्या असू शकते. सेरा असेल तर सोरखा. ॲबिगेल किंवा डेबोरा असेल तर गोबनट. ही गोबनट म्हणजे कॉर्क परगण्यातल्या बॅलीवूर्नीची, मधमाश्यांची राखणदार मानली जाणारी संत स्त्री. आणि डेबोरा या हिब्रू नावाचा अर्थही मधमाशीच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एफी म्हणून नोंदलेली बाई गेलिकमध्ये ओइरिक असे, आणि फ्लोरा ही फिनघल असे. यांतल्या बहुतेक जोड्या अर्थाने नव्हे, तर आवाजाच्या पुसट साम्याने किंवा निव्वळ रिवाजाने पडल्या, म्हणून त्या शब्दकोशात शोधून सापडत नाहीत. दोन्ही देशांत पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची पद्धत होती. त्यामुळे एक नाव सापडले की त्याच्या आधीची दोन पिढ्यांची नावेही बऱ्याचदा ओळखता येतात.

नाव किती प्रचलित आहे हे पाहायला आयर्लंडचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय आणि स्कॉटलंडचे राष्ट्रीय अभिलेख कार्यालय दरवर्षी बाळांच्या नावांची आकडेवारी देतात. तिथे एकाच नावाची निरनिराळी लेखने स्वतंत्र मोजली जातात, म्हणून ती मनाने एकत्र करूनच अंदाज बांधावा.

शेवटची पायरी कागदाची. जन्माची नोंद आयर्लंडमध्ये तीन महिन्यांच्या आत, उत्तर आयर्लंडमध्ये ४२ दिवसांत आणि स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत करावी लागते. नोंदणीला जाताना नाव मोठ्या, स्वच्छ अक्षरांत, रेघांसह लिहून न्यावे. संगणकात काही ठिकाणी रेघ गळते किंवा तिच्या जागी भलतेच चिन्ह उमटते. आयर्लंडमध्ये सार्वजनिक संस्थांनी नावातली फादा नीट नोंदवावी यासाठी २०२१ च्या भाषा कायद्यात तरतूद झाली आहे, तेव्हा ती मागायला संकोचू नये. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळींत मात्र कोणत्याही देशात रेघा नसतातच, त्यामुळे तिथे ती दिसली नाही तर घाबरण्याचे कारण नाही. सही करण्यापूर्वी दाखवला जाणारा मसुदा एकेक अक्षर बोट ठेवून वाचावा, आणि 'एच' सगळे जागेवर आहेत ना हे मोजावे. साइवच्या नावात ते दोन असतात.